नऊ मीटरची पायवाट

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

नववीत असताना शाळेतून परतताना रूपाच्या सायकलची चेन पडली. ती रोजच पडायची. छावणीच्या रस्त्यावर एका बुटक्या पुलाच्या कठड्याला सायकली टेकवून आम्ही थांबलो. तिनं झाडाच्या काडीनं चेन बसवली आणि मी दोघींची दप्तरं सांभाळली. मग चार आण्यांचे डहाळे घेऊन हरभरे सोलत बसलो. ग्रीसच्या बोटांनी सोललेला दाणा काळा व्हायचा, ती तसाच खायची आणि म्हणायची, "याला चव येते." दुसऱ्या दिवशी सिस्टरनी तिच्या स्कर्टवरचे डाग पाहून दोघींना बाकावर उभं केलं. मला का, ते मी विचारलं नाही. रूपाबरोबर होते, एवढं कारण पुरेसं होतं.

आज सकाळी तिचा फोन आला आणि पहिल्यांदा हेच आठवलं. दुसऱ्याच क्षणी मनात आलं, आताच का?

हे गेले त्याला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हा ती तेरा दिवस रोज येत होती. नंतर सणावाराचा निरोप, वाढदिवसाला फोन. आज मात्र वीस मिनिटं बोलली. ती आणि तिचे सायकलवाले सोबती करमाडच्या पुढे एक वाट बांधणार आहेत. मुख्य रस्त्यापासून हिवरखेडीच्या तलावापर्यंत, अकरा किलोमीटर, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. शेंद्र्याची एक कंपनी सीएसआरमधून पैसे द्यायला तयार आहे. अट एकच, वाट ज्यांच्या शेतांवरून जाते त्या सगळ्यांची संमती पंधरा फेब्रुवारीच्या आत हवी. सहा मालक आहेत. सगळ्यांत लांब तुकडा हिवरखेडीच्या सात एकरांतून जातो.

म्हणजे माझ्या.

हे तिनं अठराव्या मिनिटाला सांगितलं. मी घड्याळ पाहत होते.

६ जानेवारी, सोमवार

रूपाच्या घरी बैठक. पांढऱ्या केसांची दहा-बारा माणसं, पायांत रंगीत बूट. तीस वर्षं बायकांची बाळंतपणं केलेली ही डॉक्टर आता नकाशावर पेन्सिलीनं रेघा ओढते आणि सगळे तिचं ऐकतात. शाळेतही ऐकायचे.

कंपनीला द्यायचा प्रस्ताव इंग्रजीत आहे. तिनं तो माझ्यापुढे ठेवला. "सरू, तुझ्याइतकं इंग्रजी इथं कुणाचं नाही. जरा बघ." मी बघितलं. पहिल्याच पानावर सात चुका होत्या. दोन मीटर रुंद मुरुमाची वाट, दर किलोमीटरला बसायला दगडी ओटा, दोन ठिकाणी पिण्याचं पाणी, ओढ्यावर छोटा पूल, देखभाल गावच्या बचत गटाकडे. कल्पना सुंदर, वाक्यं भयंकर. मी घरी घेऊन आले. खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला एखादं काम दिलं.

निघताना रूपानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "इंद्रजीत काय करतो हल्ली?"

"बांधकामवाल्यांकडे आहे. चांगलं चाललंय. नवी गाडी घेतली."

"हो?" एवढंच म्हणाली, आणि नकाशाची गुंडाळी करायला लागली.

तिच्या त्या 'हो'चा स्वर मला आवडला नाही. इंद्रजीत माझ्या दिराचा मुलगा. आम्हाला मूल नाही. त्याची आई आजारी असायची, म्हणून तो चौथीपर्यंत माझ्याजवळ वाढला. शेताचं सगळं तोच पाहतो. हे गेल्यावर मी त्याला मुखत्यारपत्र करून दिलं, नाहीतर तलाठ्याच्या खोलीत मी काय करणार होते? सातबारा समोर आला की मला अजून घाम फुटतो. शाळेत सगळं इंग्रजीतून. मराठी आठवड्यातून चार तास, तेही कविता. सासरी कागद यांनी वाचले, नंतर इंद्रजीतनं.

रूपाला त्याच्याबद्दल काय विचारायचं होतं?

१० जानेवारी, शुक्रवार

इंद्रजीतच्या गाडीतून हिवरखेडीला गेले. तूर वाळली होती, गहू गुडघ्याच्या वर आला होता. वाटेच्या आखणीच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, प्रत्येकीला लाल फीत. आमच्या शेताच्या मधोमध, विहिरीच्या अगदी जवळून त्या सरळ डोंगराकडे गेल्या होत्या.

सांडू तिथंच उभा होता. आमचं शेत चौदा वर्षं तो बटाईनं करतो. हात पुसत पुढे आला.

"वैनी, वाट करायची तर करा. पण ह्या खुंट्या इथं कुणी ठोकल्या? पाणंद तर तिकडं हाय." त्यानं बांधापलीकडच्या बाभळींच्या रांगेकडे बोट दाखवलं. गावची जुनी बैलगाडीची वाट तिथून जायची म्हणे. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा तिच्यावरूनच आले असेन. आता नुसते काटे.

इंद्रजीत हसला. "सांडूमामा, ते काटे काढायला वर्ष जाईल. डॉक्टरबाईंचे पाहुणे काय काट्यांतून सायकली चालवतील?"

"शहरातल्या लोकांना तिकडं रस्ते नायत व्हय, म्हणून इथं चालाया येतेत?"

"तब्येतीसाठी येणार."

"मग काटे तोडू द्या त्यांना. लई तब्येत होईल."

मला हसू आलं. इंद्रजीतला आलं नाही.

बांधाजवळ एक पांढरी गाडी होती. दोन माणसं उतरून डोंगराकडे पाहत होती. मोजणीवाले, असं इंद्रजीत म्हणाला. त्यांतल्या एकानं मला नमस्कार केला आणि विचारलं, "काकू, रात्री त्या डोंगरावरून शहराचे दिवे दिसतात का?" मी म्हटलं, दिसतात, यांच्याबरोबर एकदा पाहिले होते, कुणीतरी काळ्या साडीवर टिकल्या शिवल्यासारखे. तो माणूस दुसऱ्याकडे वळून म्हणाला, "बघ, दिसतात." मोजणीवाल्यांमध्येही अशी रसिक माणसं असतात.

परत येताना मनात सांडूच घोळत होता. चौदा वर्षांत त्यानं मला कधी उलट विचारलं नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार

रूपा तिळगूळ घेऊन आली. मी दुरुस्त केलेला प्रस्ताव तिला दिला. तिनं उभ्यानंच वाचला आणि म्हणाली, "सिस्टर असत्या तर तुला चॉकलेट दिलं असतं." मग खाली बसून विचारलं, "संमतीपत्राचा मसुदा आला का तुझ्याकडे?"

"आलाय. इंद्रजीतनंच करून आणला, गावच्या कागदांचं त्याला कळतं. आपल्याकडून तेवढीच मदत."

"आम्ही बाकीच्या पाचांना दिलाय तो तसाच?"

"असेल."

"तू वाचलास?"

"त्यानं वाचून दाखवला."

"तू वाचलास का, सरू?"

मी चहा टाकायला उठले. दुसऱ्याच्या घरात येऊन असं विचारायचं म्हणजे काय? माझ्या माणसावर तिचा विश्वास नाही, आणि माझ्यावर पण नाही. चहा झाल्यावर ती पाणंदीबद्दल विचारत बसली. कोणत्या बाजूला होती, यांनी कधी काही सांगितलं होतं का, जुना नकाशा घरात आहे का. तिला नकाशा कशाला हवा? वाट खुंट्यांवरून जायची आहे ना?

ती गेल्यावर मी कपाट उघडून यांच्या कागदांची पिशवी पाहिली. होती. कुलूप लावलं. लावताना लाज वाटली, पण लावलं.

१९ जानेवारी, रविवार

खुंट्या उपटल्या. आमच्या शेतातल्या सगळ्या, एकूण एक. इंद्रजीतनं फोटो पाठवले, नुसती भोकं आणि गव्हात पडलेल्या दोन लाल फिती.

दुपारी तो आला. माझ्या हातचं थालीपीठ खाल्लं, दोनदा मागून घेतलं, मग म्हणाला, "काकू, मला बोलायचं नव्हतं. पण सांडूमामाच्या मनात वेगळंच आहे. चौदा वर्षं कसतोय. उद्या म्हणेल, मी कूळ आहे, जमीन माझी. वाट झाली तर लोकांची ये-जा होईल, त्याला ते नकोय."

"सांडू असं करणार नाही."

"मीसुद्धा हेच म्हणत होतो."

हे आजारी होते तेव्हा सांडू दर रविवारी बसनं शहरात यायचा. पिशवीत घरची ज्वारी, वांगी. दवाखान्यात खुर्चीवर बसायचा नाही, भिंतीला टेकून उभा राहायचा. शेवटच्या आठवड्यात यांचे पाय त्यानंच दाबले. ते सगळं जमिनीवर डोळा ठेवून होतं का? असं लिहितानाही हात थांबतो. पण खुंट्या आपल्या आपण तर उपटत नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

आज इंद्रजीतनं आणखी एक फोटो पाठवला. सांडूच्या घरापुढे रूपाची निळी गाडी.

मी रूपाला फोन केला. "कुठं आहेस?" म्हणून विचारलं.

"सिल्लोडला, एका शिबिराला आलेय. संध्याकाळी बोलू?"

सिल्लोड जळगावच्या रस्त्यावर आणि हिवरखेडी जालन्याच्या. दोन्ही एका दिशेला नाहीत.

रूपा माझ्याशी पूर्वी एकदाच खोटं बोलली होती. अकरावीत माझा निबंध हरवला असं तिनं मला सांगितलं होतं, आणि तो तिनं परस्पर स्पर्धेला पाठवला होता, कारण मी कधीच पाठवला नसता. बक्षीस आलं तेव्हा मला कळलं. मी आठवडाभर बोलले नव्हते तिच्याशी. तेव्हाचं खोटं माझ्यासाठी होतं. आताचं कुणासाठी?

दोघं मिळून माझ्या जमिनीचं काय ठरवताहेत?

२७ जानेवारी, सोमवार

मी सही केली. सहाही पानांवर.

इंद्रजीत वाचत होता आणि मी ऐकत होते. "सदर मिळकतीतून, वगैरे वगैरे, चतुःसीमा, हे नेहमीचं आहे काकू, मग तुमचं नाव, मग गट नंबर, हे पण नेहमीचं." त्याच्या आवाजात यांच्या आवाजाची सावली आहे. मी आवाजच ऐकत राहिले. शेवटच्या पानावर सही करताना 'नऊ मी.' असं दिसलं. विचारलं, इंग्रजीत तर आपण दोन मीटर लिहिलंय?

"दोन मीटर वाट. बाकी दोन्ही बाजूंना झाडं."

मी कडुनिंब आणि करंज म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही सांगाल ती, काकू." बारा फेब्रुवारीला नोंदणी आहे. मी आले तर बरं, नाही जमलं तरी चालेल, त्याच्याकडे मुखत्यारपत्र आहेच, असं म्हणाला. एवढी माझी काळजी.

रूपाला मी सांगितलं नाही. तिला आपोआप कळेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस एकच विचार. रूपाचे तीन फोन आले, मी घेतले नाहीत. सांडूला समोरासमोर विचारायचं ठरवलंय. इंद्रजीतला सांगितलं असतं तर तो येऊ म्हणाला असता, आणि त्याच्यासमोर सांडू बोलणार नाही. उद्या एकटीच जाते. सही केलेल्या कागदाची एक प्रत माझ्याकडे आहे, ती दाखवून विचारीन, की बाबा, यात तुझं काय बिघडतंय ते बोट ठेवून सांग.

२ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

करमाडपर्यंत बसनं, पुढे रिक्षानं गेले. सांडू घरी नव्हता. त्याची बायको आवडाबाई अंगणात तूर बडवत होती. मला एकटीला पाहून तिनं काठी बाजूला ठेवली. आधी पाणी दिलं, मग बाज टाकली, मग म्हणाली, "ते पाणंदीत गेले. बोलावू का?"

"पाणंदीत काय करताहेत?"

"काटे तोडतेत. डॉक्टरबाईची तब्येत बी तिथंच चालू हाय."

मी तिच्यामागे गेले. बांधापलीकडच्या बाभळी अर्ध्या साफ झाल्या होत्या. त्यांच्यातून दोन बैलगाड्या जातील एवढी मोकळी पट्टी दिसत होती, दगडी कडेसकट. आणि त्या पट्टीत, ओळीनं, लाल फितीच्या खुंट्या. उपटलेल्या सगळ्या इथं आणून ठोकल्या होत्या. रूपा टोपी घालून एका दगडावर बसली होती, हाताला खरचटलेलं. मांडीवर भूमी अभिलेखातून आणलेली गावच्या जुन्या नकाशाची नक्कल.

मी म्हटलं, "सिल्लोडचं शिबिर छान झालं?"

ती उठली नाही. "नाही झालं," म्हणाली.

मी तिच्याकडे पाठ फिरवली. सांडूपुढे कागद धरला. "यात तुझं काय बिघडतं, दाखव."

सांडूनं हात मागे घेतले. "मला वाचता येत नाय, वैनी. हिला द्या."

आवडाबाई गावच्या बचत गटाची सचिव आहे, हे मला माहीत होतं. पण सचिव म्हणजे सही करणारी बाई, असं मी समजत होते. तिनं पदराच्या टोकानं चष्मा पुसला.

"सगळं वाचू, का मधलं सोडून?"

"मधलं सोडून म्हणजे?"

"काई लोक मधलं सोडून वाचतेत."

ती सगळं वाचत गेली. थांबत नव्हती, अडखळत नव्हती, बोट ओळीखालून सरकत होतं. "सदर नऊ मीटर रुंदीची जागा सर्व प्रकारच्या वाहनांच्या कायमस्वरूपी वहिवाटीकरिता गट क्रमांक एकशे बाराचे धारक, त्यांचे वारस व खरेदीदार यांना खुली राहील. त्यास लिहून देणार यांची वा त्यांच्या वारसांची कोणतीही हरकत राहणार नाही." पुढे विहिरीचा उल्लेख होता. आखणीत आल्यास ती बुजवण्यास संमती. चौथ्या पानावर.

पायी आणि सायकल हे शब्द सहा पानांत कुठंच नव्हते. झाडही नव्हतं.

"एकशे बारा कुणाचा गट?" मी विचारलं.

"डोंगराचा," सांडू म्हणाला. "तिथं जायला रस्ता नाय, म्हणून पडीकच हुता. दिवाळीत विकला. आता पलाट पाडणार म्हणतेत."

"कुणाला विकला?"

सांडूनं आवडाबाईकडे पाहिलं. आवडाबाईनं कागदाची घडी केली. "ते ह्या कागदात नाय. कागदात नाय ते मी वाचत नाय."

मग तिनं हळूच विचारलं, "वैनी, तुम्ही सही केली व्हय?"

"केली."

"वाचून?"

"वाचून दाखवलं होतं."

"आमच्या गटात बाया अंगठा बी वाचल्याबगर देत नाय," ती म्हणाली. टोमणा नव्हता. मला बसायला जागा द्यावी, तसं म्हणाली.

रूपानं नकाशाची घडी घातली. तिच्या गाडीतून परत आले, कारण दुसरं वाहन नव्हतं. चिकलठाण्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते.

३ फेब्रुवारी, सोमवार

आवडाबाईनं आपल्या सोयीचं वाचलं नसेल कशावरून? विहीर गेली तर सांडूचा गहू जातो. तिला हवे ते शब्द घालून वाचणं काय अवघड होतं?

म्हणून आज सकाळी चहा घेऊन बसले आणि कागद स्वतः वाचला. शब्दकोश जवळ ठेवला. 'वहिवाट' पाहिला, 'धारक' पाहिला, 'निर्वेध' पाहिला. सहा पानांना पावणेदोन तास लागले. आवडाबाईनं एक शब्दही पदरचा घातला नव्हता.

पासष्ट वर्षांची झाले. माझ्या जमिनीचा कागद मी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. ज्या वाटेचं इंग्रजी मी स्वल्पविरामांसकट घोटून घोटून लिहिलं, तिचं मराठी असं आहे.

इंद्रजीतला कुणीतरी फसवलं असणार. तो कामाला आहे त्या लोकांनी मसुदा हातात ठेवला असेल आणि तो मुलगा घाईत घेऊन आला असेल. तोही माझ्यासारखाच, न वाचणारा. उद्या बोलावलंय त्याला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आला. मी कागद समोर ठेवला, चौथं पान उघडून.

"हे तू वाचलं होतंस?"

तो पानाकडे न पाहता म्हणाला, "तुम्हाला कुणी भरवलं, काकू? डॉक्टरबाईंनी?"

"मी वाचलं."

"तुम्ही?" तो हसला, आणि लगेच हसू आवरलं. "काकू, रस्ता झाला की आपल्या जमिनीचा भाव कुठं जाईल, कळतंय का? ते सायकलवाले हिवाळ्यात चार दिवस येतील, फोटो काढतील, जातील. रस्ता कायमचा. मी तुमच्याच फायद्याचं बघतोय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला ते कळलं नसतं."

"विहीर?"

"बोअर पाडून देऊ."

"सांडूला?"

तो खिडकीशी जाऊन आपल्या गाडीकडे पाहत उभा राहिला. मी म्हटलं, मी ही सही मागे घेते. तेव्हा वळून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बाराला नोंदणी आहे. तुम्ही नाही आलात तरी माझी सही चालते. त्रास करून घेऊ नका."

चहा न घेता गेला. लहानपणी रुसला की दूध न पिता जायचा, अगदी तशीच मान करून. मी त्याला जिन्यापर्यंत हाक मारत गेले. कशाला गेले, माहीत नाही.

अजूनही वाटतं, त्याच्यामागे कुणी मोठं माणूस असणार. एकट्यानं तो इतका विचार करणारा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

रूपाकडे गेले. पायऱ्या चढताना ठरवलं होतं की ओरडायचं. तिनं दार उघडलं, मी म्हटलं, "मुखत्यारपत्र रद्द कसं करतात?"

"बस. वकिलांना फोन लावते."

फोन झाल्यावर मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"डिसेंबरात. एकशे बाराच्या खरेदीखतात खरेदीदारांची तीन नावं आहेत. नकाशाच्या कामासाठी काढलं, तेव्हा वाचलं." तिनं तिसरं नाव सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"आणि मला सांगितलं नाहीस. सिल्लोड म्हणालीस."

"त्याला कडेवर घेऊन तू माझ्या दवाखान्यात यायचीस, सरू. खोकला त्याला आणि डोळे तुझे लाल. मी येऊन सांगितलं असतं, तर तू कुणाला सोडलं असतंस?"

उत्तर तिला माहीत होतं आणि मलाही.

तरी तिचं मी सगळं मानलं असं नाही. तिलाही तिची वाट हवी आहे. पाणंद सरकारी आहे, तिथून वाट गेली तर माझ्या संमतीचं फारसं कामच उरत नाही. हे तिच्या सोयीचं आहेच. तसं मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आहेच की." एवढं सरळ उत्तर आलं की संशयाला कुठं धरायचं तेच कळत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुखत्यारपत्र रद्द झालं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो, अंगठे, दोन साक्षीदार. एक रूपा, दुसरी आवडाबाई, ती बसनं आली, डब्यात भाकरी घेऊन. इंद्रजीतला आणि कार्यालयाला नोटीस गेली. सत्तावीस जानेवारीचा कागद नोंदलेला नव्हता, म्हणून तो तिथंच थांबला, असं वकील म्हणाले. ते म्हणाले म्हणून मी मानलं नाही. रद्दपत्र तीनदा वाचलं. खिडकीतला कारकून कंटाळून म्हणाला, "आजी, मागं रांग आहे."

"असू दे," आवडाबाई म्हणाली. "त्या वाचतेत."

१२ फेब्रुवारी, बुधवार

इंद्रजीत आज कार्यालयात गेला होता असं वकिलांकडून कळलं. परत पाठवलं त्याला. फोन नाही.

कंपनीच्या बाई हिवरखेडीला आल्या. काटे काढण्याचा आणि ओढ्यावरच्या पुलाचा खर्च वाढतोय, म्हणून त्यांचं तोंड वाकडं होतं. रूपानं सांगितलं की पाणंदीच्या सरकारी योजनेतून मुरूम मिळेल, काटे गाव श्रमदानानं काढेल, सायकलवाले वर्गणी काढून ओटे बांधतील. कंपनीनं फक्त पूल आणि पाणी द्यावं. काल रात्रीच मी प्रस्ताव पुन्हा लिहून काढला होता. या वेळी मराठी आधी, मग इंग्रजी. मराठी आवडाबाईकडून तपासून घेतलं. तिनं 'पादचारी' खोडून 'पायी चालणारे' केलं. बाईंनी दोन्ही ताडून पाहिले आणि पंधराच्या यादीत घालते म्हणाल्या. पैसे हातात येईपर्यंत माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

सांडू विहिरीच्या काठावर बसला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "सांडू, माझ्या मनात तुझ्याबद्दल वाईट आलं होतं. कूळ लावशील म्हणून."

तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "इंद्रजीत भाऊ म्हणले असतील."

"हो."

"मला बी म्हणले हुते. वैनी तुला काढून टाकणार हायत म्हणून. म्हणून मी तुम्हाला इचारायला आलो नाय." त्यानं एक खडा पाण्यात टाकला. "चुकलंच."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वकील म्हणाले, मृत्युपत्र करायचं तर आधी तुमच्या भाषेत लिहून आणा, मी त्याला कायद्याचं रूप देतो. माझ्या भाषेत. चार दिवस झाले, कुठल्या भाषेत ते ठरत नव्हतं. आज इथंच लिहिते. यातला शब्द बदलायचा असेल तर मला आधी विचारावं.

ओढ्यानं पाणंद जिथं वाहून नेली आहे, तिथं माझ्या शेताची दोन मीटर रुंदीची पट्टी ग्रामपंचायतीला. पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना ती आजपासूनच खुली. इंजिन असलेलं काहीही त्यावरून जाणार नाही, रुग्णवाहिका सोडून.

विहीर आणि तिच्या भोवतीचे तीन एकर आवडाबाईला, तिच्या एकटीच्या नावावर. सांडूला हे आधी सांगू नये, तो नको म्हणेल.

उरलेले चार एकर बचत गटाला. पिकाच्या उत्पन्नातून वाटेची डागडुजी, ओट्यांची आणि पाण्याच्या टाकीची. हिशेब रूपानं तपासू नये, तिला गणित येत नाही. गटातल्या बायांनी तपासावा.

माझी इंग्रजी पुस्तकं आणि शब्दकोश गावच्या शाळेला. शब्दकोशाची पानं 'व'पाशी सुटली आहेत, शिवून घ्यावीत.

रूपाला माझ्या दोन्ही रेशमी साड्या. नेसणार नाही म्हणेल. तरी द्याव्यात.

इंद्रजीतला शहरातलं घर, आतल्या सगळ्या सामानासकट. शेतातलं काही नाही. त्याचा कागद वेगळा करावा, मी असतानाच. सहीच्या दिवशी त्याला बोलवावं आणि तो कागद त्यानं मला वाचून दाखवावा, पहिल्या ओळीपासून, मधलं काही न सोडता. मध्येच थांबला तर थांबू द्यावं. मला घाई नाही, मी शेवटपर्यंत ऐकत बसेन.